नार्व्याच्या दारावरील शिलालेख

श्रीशिवछत्रपतींचे चरित्र म्हटले म्हणजे प्रतापगड, पन्हाळा, पुरंदर, आग्रा आणि रायगड हीच नावे आमच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. गोमंतकाचे नाव त्या मालिकेत क्वचितच येते, आणि आले तर ते बहुधा खंतीच्या स्वरात येते. महाराजांनी सुरत लुटली, जिंजी घेतली, आदिलशाही खिळखिळी केली. मग आमच्या देवांना घराबाहेर काढणाऱ्या फिरंग्यांचे गोवे त्यांनी का घेतले नाही, असा प्रश्न आम्ही देवळाच्या चौकात बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. त्याच चौकात याच्या अगदी उलट विधानही ऐकू येते. फोंडे महालातील आमची सारी दैवते शिवाजी महाराजांनीच वाचविली, असे तितक्याच श्रद्धेने सांगण्यात येते. देवस्थानांतून मिळणाऱ्या लहानसहान माहितीपुस्तिकांतही ते छापलेले आढळते.

ही दोन्ही विधाने जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत, असे आमचे मत आहे. खंत अनाठायी आहे आणि श्रेयाची वाटणी चुकीची आहे. महाराजांचे गोमंतकावर जे ऋण आहे ते या दोहोंहून निराळे आहे, आणि त्याचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार डिचोली तालुक्यातील नार्वे गावी, श्रीसप्तकोटीश्वराच्या दारावर आहे.

प्रथम या देवाची कुळकथा सांगणे प्राप्त आहे. सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. आपण सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने राज्य करीत आहो, असे ते राजे आपल्या बिरुदांतून आणि नाण्यांवरून अभिमानाने मिरवीत. देवाचे मूळ स्थान मांडवीच्या पात्रातील दिवाड बेटावर होते. कदंबांचे राज्य लयाला गेल्यावर चौदाव्या शतकात दक्षिणेतील सुलतानी फौजांनी ते उद्ध्वस्त केले. पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्याने गोवे जिंकून त्याच शतकाच्या उत्तरार्धात देवाची पुनःस्थापना केली. दीडशे वर्षे उलटतात न उलटतात तोच पोर्तुगीज आले. १५१० मध्ये त्यांनी तिसवाडी घेतली आणि १५४० च्या सुमारास त्या बेटांवरील देवळे पाडण्यात आली. दिवाडचे देऊळही त्यांतच गेले. परंपरा असे सांगते की, देवाचे लिंग एका विहिरीवर पाणी ओढण्याच्या सोयीसाठी बसविण्यात आले होते. डिचोलीच्या नारायण शेणवी सूर्यराव सरदेसाई यांनी ते रात्री काढून नदीपलीकडे आणले आणि त्या तीरावर त्याची स्थापना केली. या कथेतील तपशिलाविषयी कोणी शंका घ्यावी, परंतु देव नदी ओलांडून आला यात शंका नाही. आणि नव्या जागेलाही भक्तांनी जुन्या जागेचे नाव दिले. आजही दिवाडावर एक नार्वे आहे आणि समोरच्या तीरावर दुसरे.

असे नदी ओलांडणारे हे एकच दैवत नव्हे. १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी हे प्रांत पोर्तुगिजांकडे गेले आणि १५६० नंतरच्या काही वर्षांत साष्टीतील देवळांवर गदा आली. त्याच सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास आला. बेळगाव, बडोदे, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आमची कुटुंबे आज ज्या स्थळी कुलदेवतेच्या दर्शनास जातात, ती बहुतेक सर्व स्थळे अशी आश्रयाची स्थळे आहेत. आता येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. हे स्थलांतर झाले तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता. अंत्रुज महाल त्या काळी विजापूरच्या आदिलशहाच्या अंमलाखाली होता. आपल्या शेजाऱ्याचे, म्हणजे पोर्तुगिजांचे, प्रजाजन देव घेऊन येत आहेत आणि रानात, कुळागरांच्या आडोशाला साध्या छपराखाली त्यांची स्थापना करीत आहेत, याला त्या अंमलाने हरकत घेतली नाही. एका मुसलमान सत्तेच्या मुलखात आमचे देव शंभर वर्षे राहिले, हे कबूल करण्यात कोणताही कमीपणा नाही. उलट ते मान्य केल्याशिवाय महाराजांच्या कार्याचे खरे स्वरूप कळणार नाही. कारण तो आश्रय हरकत न घेण्यापुरता होता. देवळास आपले म्हणणारी सत्ता त्या तीरावर अद्याप उभी राहिली नव्हती.

महाराजांचा आणि पोर्तुगिजांचा संबंध प्रथम फारसा कडवट नव्हता. दोघेही मोगलांना आणि विजापूरकरांना ओळखून होते, व्यापार दोघांनाही हवा होता. कुडाळ आणि डिचोली हा मुलूख स्वराज्यात आल्यावर मात्र सरहद्द एक झाली आणि सरहद्दीबरोबर सरहद्दीची भांडणेही आली. कुडाळचे लखम सावंत आणि इतर देसाई महाराजांशी वितुष्ट येताच बारदेशात जाऊन राहत आणि तेथून स्वराज्याच्या मुलखास उपद्रव देत. पोर्तुगीज त्यांना थारा देत होते. त्याचा परिणाम म्हणून १६६७ च्या नोव्हेंबरात मराठी फौज बारदेशात शिरली. तीन दिवस ती तेथे होती आणि परत जाताना माणसे व गुरे धरून घेऊन गेली. या माणसांत बायकामुले होती आणि ती बहुतेक आमच्याच रक्ताची, आमचीच कोकणी भाषा बोलणारी होती, हे लिहिताना लेखणी अडखळते. पण इतिहास लिहावयाचा तर ते गाळता येत नाही. पुढच्याच महिन्यात तह झाला आणि त्याअन्वये धरलेली माणसे परत देण्यात आली. या वाटाघाटींत पोर्तुगिजांच्या वतीने वावरणारांत रामोजी शेणवी कोठारी हे नाव आढळते. ज्या राज्यात हिंदूंना देऊळ बांधण्याची बंदी होती, त्या राज्याची वकिली एका शेणव्यानेच करावी, हा त्या काळचा एक चमत्कार म्हणावा लागेल. परंतु पोट आणि देव यांच्यासाठी दोन वेगळे तीर असलेल्या समाजात असे चमत्कार नित्याचेच होते.

दुसऱ्या वर्षी, १६६८ च्या शरदात, महाराजांचा मनसुबा याहून मोठा होता. त्यांनी लहान लहान टोळ्यांनी चारपाचशे माणसे वेषांतर करून गोव्यात घुसविण्यास प्रारंभ केला होता आणि व्हाइसरॉय कोंद द सां व्हिसेंत याला त्याचा सुगावा लागला, असे समकालीन इंग्रजी पत्रांवरून कळते. माणसे पकडली गेली, बेत फसला. म्हणजे महाराजांनी गोवे घेण्याचा विचारच केला नाही असे म्हणणे बरोबर नाही. विचार होता आणि प्रयत्नही होता. यश का आले नाही याचे उत्तर भूगोलात सापडते. गोवे शहर बेटावर, भोवती दोन नद्या, नद्यांच्या मुखांवर किल्ले आणि समुद्रावर पोर्तुगिजांचे आरमार. मराठ्यांचे आरमार त्या वेळी बाल्यावस्थेत होते. शिवाय १६७० पासून मोगलांशी पुन्हा युद्ध पेटले. एका बाजूस औरंगजेब असता दुसऱ्या बाजूस समुद्रावरील शत्रू ओढवून घेणे शहाणपणाचे नव्हते आणि महाराज शहाणे होते.

आता तो शिलालेख. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, म्हणजे १६६८ चा नोव्हेंबर. ज्या सुमारास गोव्याचा बेत फसला, त्याच सुमाराची ही तिथी आहे. नार्व्यास सप्तकोटीश्वराचे देवालय शिवराजाच्या आज्ञेने आरंभिले, इतकाच मजकूर संस्कृतात दारावरील शिलेवर कोरला आहे. देणगीचा आकडा नाही, शत्रूला शाप नाही, विजयाची बढाई नाही. आम्हांस तो लेख जितका वाचावा तितका अधिक बोलका वाटतो. राज्याभिषेकाला अजून सहा वर्षे अवकाश होता. त्याच वर्षी औरंगजेबाने महाराजांचा ‘राजा’ हा किताब मान्य केला होता. परंतु शिलेवर ना आलमगीर आहे ना आदिलशहा. कालगणना शकाची, देव कदंबांचा आणि आज्ञा शिवराजाची. पाचशे वर्षांपूर्वी ज्या देवाच्या नावाने गोव्याचे राजे राज्य करीत, त्याचे मंदिर आपण बांधीत आहो, हे त्या लेखाच्या मसुदाकाराला ठाऊक असणार. ज्या शहरात शिरता आले नाही त्याच्यासमोर, नदीच्या अलीकडच्या तीरावर, त्या शहराच्या जुन्या दैवताचे देऊळ उभारणे यात भक्ती होती आणि राज्यनीतीही होती. दोन्ही वेगळ्या करून पाहण्याची सवय आपली आहे, त्या काळाची नव्हती.

देऊळ मोठे नाही. जांभ्या दगडाचे, चुन्याच्या गिलाव्याचे, कौलारू सभामंडपाचे, गर्भगृहावर घुमट आणि पुढे दीपमाळ असे ते दिसते. आत जे लिंग आहे ते पैलूदार धारालिंग आहे. घुमटाची घडण विजापुरी वळणाची आणि मंडपाच्या कमानी फिरंगी वळणाच्या आहेत, असे पाहणाराच्या सहज ध्यानात येते. पुढे अठराव्या शतकात कवळ्यास आणि मंगेशीस जी भव्य देवळे उठली त्यांत हीच मिश्र घडण परिपक्व झालेली दिसते. नार्व्याच्या देवळास या घडणीच्या आरंभकाळातील एक नमुना मानावयास हरकत नाही. गोमंतकातील देवळांची ‘शुद्ध’ शैली शोधणारांची येथे थोडी निराशा होईल. पण गवंडी ज्या हातांनी मशिदी आणि इगर्जी बांधीत, त्याच हातांनी त्याने देऊळ बांधले, यात आम्हांस वैगुण्य वाटत नाही.

देऊळ बांधणारा राजा मीठ विसरला नव्हता, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळ प्रांताचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस एक पत्र धाडले. बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून घाटावरचे व्यापारी तिकडे वळतात आणि स्वराज्यातील, संगमेश्वराकडचे मीठ पडून राहते, असे महाराजांच्या ध्यानात आले होते. त्यांनी आज्ञा केली की, बारदेशाहून घाटावर जाणाऱ्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते मीठ महाग पडेल आणि आपल्या मुलखाची बंदरे चालतील. तोफेने जे बारदेश कायमचे घेता आले नाही, त्याच्याशी जकातीने झुंजण्याची ही युक्ती होती. ज्यांना महाराज केवळ घोड्यावर बसलेले दिसतात, त्यांनी हे पत्र अवश्य वाचावे. पेडणे-बारदेशच्या मिठागरांवर पोट असणाऱ्या गांवकरांना त्या वर्षी महाराजांविषयी काय वाटले असेल, हाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१६७५ च्या मे महिन्यात फोंड्याचा किल्ला पडला. पोर्तुगिजांनी उघड तटस्थता दाखवून आतून किल्लेदारास दाणागोटा पोहोचविण्याचा प्रयत्न केला. तो मराठ्यांनी पकडला. किल्ला आदिलशाहीचा होता, पण तो पडल्यावर आपल्या दाराशी कोण येऊन बसणार हे पोर्तुगीज पुरते ओळखून होते. फोंड्यापाठोपाठ अंकोला, शिवेश्वर, कारवार हा दक्षिणेकडील मुलूखही आला. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, बांदोडे ही आमची सारी आश्रयस्थाने आता प्रथमच स्वराज्याच्या छत्राखाली आली. देव आणण्याचे श्रेय भक्तांचे, त्यांना हरकत न घेण्याचे श्रेय आदिलशाहीचे. पण त्या तीरावरील देवळांना आपले म्हणणारा राजा लाभला तो या वर्षी. श्रेयाची वाटणी आम्ही अशी करतो.

या राजाला आणि त्याच्या पुत्राला त्या भूमीची किंमत लवकरच मोजावी लागली. १६८३ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः फौज घेऊन फोंड्यावर चालून आला. येसाजी कंक आणि त्यांचे पुत्र कृष्णाजी यांनी किल्ला झुंजविला, तट ढासळला तरी सोडला नाही. इतक्यात संभाजी महाराज कुमक घेऊन आले आणि व्हाइसरॉयला पाऊसचिखलातून माघार घ्यावी लागली. त्याच महिन्याच्या अखेरीस मराठ्यांनी रात्री ओहोटीच्या वेळी जुवें बेटावर, म्हणजे सांत इस्तेव्हवर, हल्ला चढविला. तेथून गोवे शहर केवळ खाडीपलीकडे होते. व्हाइसरॉय बेट सोडविण्यास गेला तो जखमी होऊन, बुडता बुडता वाचून परत आला. शहरात असा हाहाकार उडाला की, त्याने आपला राजदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटिकेपाशी नेऊन ठेवला. पुढे मराठी फौजा बारदेश आणि साष्टीत पसरल्या. पण जानेवारी १६८४ मध्ये औरंगजेबाचा पुत्र शहाआलम मोठ्या सैन्यानिशी रामघाटाने कोकणात उतरला आणि शंभुराजांना परतावे लागले. वडिलांना जे १६६८ मध्ये साधले नाही, ते पुत्राच्या हाती येता येता राहिले.

या धामधुमीहूनही आम्हांस मोलाची वाटते ती दुसरी एक शिला. फोंडे महालात हडकोळण येथे सापडलेला शके १६१० चा, म्हणजे १६८८ चा, हा शिलालेख शंभुछत्रपतींच्या कारकिर्दीतला. फोंड्याचे अधिकारी धर्माजी नागनाथ यांचे नाव त्यात आहे. पोर्तुगीज मुलखात आणि फोंडे महालात ये-जा करणाऱ्या माणसांकडून ‘अंगभाडे’ नावाचा कर घेत असत. तो माफ करण्यात आला, असा त्याचा आशय आहे. नदी ओलांडणाऱ्या माणसाला माणूस म्हणून द्यावा लागणारा कर! साष्टीत किंवा तिसवाडीत राहणारे आणि अंत्रुजेत देव असलेले कोण होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. नार्व्याच्या शिलेत देवाला घर मिळाले. वीस वर्षांनी हडकोळणच्या शिलेत भक्ताची वाट मोकळी झाली. ही दोन अक्षरलेणी एकत्र ठेवून वाचली की, बापलेकांनी या सरहद्दीवर काय केले ते समजते. संभाजी महाराजांविषयी बखरकारांनी जे बरेवाईट लिहिले त्यावर आजवर पुष्कळ वाद झाले. हडकोळणची शिला मात्र त्यांत क्वचितच पुढे आणली जाते.

शंभुराजांच्या वधानंतर फोंड्याने मोगल पाहिले, सौंदेकर पाहिले, पुन्हा मराठे पाहिले. शाहू छत्रपतींच्या दरबारी नारोराम मंत्री होते. त्यांच्या खटपटीने कवळ्यास श्रीशांतादुर्गेचे आजचे मंदिर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उठले. श्रीमंगेशाला रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या सूचनेवरून १७३९ मध्ये पेशवे सरकारातून गाव इनाम मिळाले. थोरल्या महाराजांनी नार्व्यास जो पायंडा घातला त्याचीच ही फळे होत. सौंद्याच्या राजांनीही या देवस्थानांस आपले मानले. पुढे हैदरअलीने त्यांचे राज्य घेतल्यावर ते बांदोड्यासच येऊन राहिले.

१७६३ मध्ये फोंडे महाल पोर्तुगिजांकडे गेला आणि शतकअखेरपर्यंत डिचोली, सत्तरी, पेडणेही गेले. येथे खरी कसोटी होती. दोनशे वर्षांपूर्वी ज्या सत्तेने साष्टीतील देवळे भुईसपाट केली, तिच्याच हाती आता ती सारी दैवते पुन्हा सापडली होती. परंतु या वेळी नव्या मुलखातील रहिवाशांचे धर्माचार आणि देवळे यांना हात लावणार नाही, असे पोर्तुगिजांना मान्य करावे लागले. एक तर युरोपातील वारे बदलले होते. दुसरे असे की, आता ती देवळे छपराखालची राहिली नव्हती. त्यांना सनदा होत्या, इनामे होती, घुमट होते, महाजन होते आणि पाठीशी पुणे-साताऱ्याचे नाव होते. रानातील गुप्त देव मोडणे सोपे असते. राजाने मान्य केलेले देवस्थान मोडण्यापूर्वी दहादा विचार करावा लागतो. जुन्या काबिजादीत देऊळ नाही आणि नव्या काबिजादीत पावलोपावली देऊळ, हा जो फरक गोमंतकात हिंडणाराला आजही दिसतो, तो बहुतांशी या शंभर-सव्वाशे वर्षांच्या मराठी अंमलाचा आणि त्याने घातलेल्या वळणाचा परिणाम होय.

या साऱ्याची कागदोपत्री मांडणी करणारा पुरुषही त्याच तीराने दिला. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवून पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास बाहेर काढला. १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्याही पुष्कळ आधी, १६९५ च्या सुमारास, मुरगावच्या कोस्मे द ग्वार्द या ख्रिस्ती गृहस्थाने पोर्तुगीज भाषेत महाराजांचे चरित्र लिहिले होते. ते १७३० मध्ये लिस्बनला छापले गेले. त्यात चुका विपुल आहेत. महाराजांचा जन्म त्याने वसईकडे विरारास घातला आहे! पण मृत्यूनंतर पंधराच वर्षांनी एका गोवेकराला, तोही शत्रूच्या धर्माचा, महाराजांचे चरित्र लिहावेसे वाटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार गोवा सरकारने केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. मंगेशी-कवळ्याची ओटी भरून परतणाऱ्या आमच्या वाचकांनी एक दिवस अधिक काढावा. जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडावर उतरावे, बेटावर कोटितीर्थाची तळी पाहावी आणि नंतर पलीकडच्या नार्व्यास जाणारी फेरी धरावी. देव ज्या नदीवरून गेला तिला ओलांडावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. देवळात शिरण्यापूर्वी मात्र दाराशी थांबून मान वर करावी. लेख तेथेच आहे.